गावाच्या दप्तरातली नाव

आमच्या गावात एस.टी. यायच्या कितीतरी आधीपासून नाव होती. गाव कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातलं. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला ओढा. पावसाळ्यात नदी फुगली की ओढ्याला उलटं पाणी चढायचं आणि गावाचं बेट व्हायचं. बाजार पलीकडं, रेल्वे टेशन पलीकडं, निम्म्या गावाच्या सोयरिकी पलीकडं. देवळाचा इतिहास सांगणारी माणसं गावात पुष्कळ आहेत. यात्रेच्या पत्रिकेवर तो दरवर्षी छापून येतो. नावेचा इतिहास मात्र कुणी लिहून ठेवला न्हाई. मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी. कागदपत्रं धुंडाळणारा न्हवं. जे आज्याकडनं ऐकलं, जे डोळ्यानं पाहिलं आणि जे गावाच्या दप्तरात सापडलं, तेवढं इथं लिहितो.

माझा आजा सांगायचा, त्याच्या पोरवयात गावची नाव एवढी थोर होती की तिच्यात बैलं सोडून छकडा चढवायचे. बैलं पोहत यायची. नाव गावाची आणि नावाडी कोळ्याच्या घरचा. गावकऱ्याकडनं तो उताराचा पैसा घेत नसे. सुगीत खळ्यावर यायचा, घोंगडं पसरायचा आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणं पायली-दोन पायली शाळू घेऊन जायचा. सुतार-लोहारासारखंच त्याचं बलुतं होतं. परगावचा माणूस आला तर त्याच्याकडनं पैसा घ्यायचा. पण आजारी माणूस, बाळंतपणाला निघालेली बाई, पंढरीचा वारकरी आणि पलीकडच्या काठाला न्यायचं प्रेत, या चौघांचं कधी काही घ्यायचा न्हाई. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण आज्याच्या हयातीत ते कधी मोडलंही नाही.

सरकारी बाजू वेगळी होती. इंग्रजांच्या अमलात मुंबई सरकारनं 1868 साली तरींसाठी कायदा केला. सरकारी तरीचा मक्ता द्यायचा आणि उताराचे दर ठरवून द्यायचे, अशी ती रीत. आमच्या भागात मात्र एक अंमल नव्हता. सांगली, मिरज, कुरुंदवाड ही पटवर्धनांची संस्थानं, कुंडलकडं औंधकरांचा मुलूख आणि मधे मधे सातारा जिल्ह्याची इंग्रजी गावं, अशी सगळी ठिगळांची वाकळ होती. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली पडलं, तवा कुठं ही वाकळ एका रंगाची झाली. तोवर नावेत बसलेला माणूस पलीकडं उतरला की दुसऱ्याच्या राज्यात उतरायचा, असं कित्येक ठिकाणी होतं. नावाड्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याला दोन्ही काठांवर धान्य मिळायचं.

मोठी नाव सगळ्या गावांना परवडत नसे. मग माणसं काय करायची? वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधायची. पोटाखाली सांगड, डोक्यावर कापडाचं गठूळं, की निघाला पलीकडं. आणि ऊस वाढला तशी काहिल पाण्यात आली. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. गुळाचा रस कढवायला लोखंडी पत्र्याची मोठी परातीसारखी कढई असते, ती काहिल. बूड सपाट, काठ वर आलेला. चुलवाणावरनं उतरली की तीच पाण्यात सोडायची. आत वैरणीच्या पेंढ्या, दुधाच्या किटल्या आणि तीन-चार माणसं. काहिलीला तोंड न्हाई, शेपूट न्हाई. वल्हं नीट मारलं न्हाई तर ती जागच्या जागी भिंगरीसारखी फिरती. आम्ही शाळेला असताना पलीकडच्या मळ्यातली पोरं काहिलीतनं यायची आणि मास्तर उशिराचं कारण विचारायचे न्हाईत.

नावेचा काळ पुलानं संपवला. सांगलीचा आयर्विन पूल 1929 सालचा. त्या वेळच्या व्हाइसरॉयचं नाव त्याला दिलं. आज त्या पुलाशी पाण्याची उंची मोजतात. 40 फुटाला इशारा, 45 फुटाला धोका. कृष्णाकाठच्या माणसाला हे दोन आकडे स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पाठ असतात. पुढं ठिकठिकाणी पूल झाले, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, बंधाऱ्यावरनं मोटारसायकली जायला लागल्या. औदुंबर, नरसोबाची वाडी अशा देवाच्या ठिकाणी नावा राहिल्या, कारण तिथं यात्रेकरू असतात. आमच्यासारख्या साध्या गावातली नाव मात्र काठावर चिंचेखाली पालथी पडली. मी 1977 साली दहावी झालो, तवा तिच्या बुडाच्या फळ्या निघून गेलेल्या होत्या. पुढं दोन पावसाळ्यांनी उरलेलं नेलं. एवढ्या पिढ्या जिनं गाव पलीकडं नेलं तिचा एक खिळाही कुणी जपून ठेवला न्हाई.

त्यानंतर गावात नावा राहिल्या त्या फक्त मासे धरणाऱ्यांच्या. त्यातली एक नानांची.

नाना त्याच जुन्या नावाड्याच्या घराण्यातले. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांची नाव सोळा-सतरा फुटांची, सागवानी सांगाडा, बुडाला बाहेरनं पत्रा ठोकलेला आणि दरसाल उन्हाळ्यात डांबराचा हात दिलेला. ती त्यांनी 1998 च्या सुमाराला दोन म्हशी विकून बांधून घेतली होती. पहाटे जाळं काढायचं, सात वाजता मासे काठावर, नऊ वाजेपर्यंत वैनी पाटी घेऊन बाजारात. मरळ, वाम, शिंगाळा, कटला, पुढं पुढं नुसती चिलापी. धंदा हळूहळू बसत गेला. उन्हाळ्यात नदीचं पाणी काळं पडायचं, फेस यायचा आणि सकाळी काठाला मेलेल्या माशांचा सडा दिसायचा. त्यात मगरी वाढल्या. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगर दिसणं ही आता बातमी राहिली न्हाई. जाळी फाटायला लागली. नानांचा मुलगा कारखान्यात कामाला लागला आणि नावेत बसायला दुसरा माणूस मिळेना.

2005 च्या पुरात सांगलीला पाणी 53 फुटांच्या वर गेलं. आमच्या गावात ते मारुतीच्या पायरीला लागलं. त्या वेळी गावाकडं काय होतं? तीन काहिली, ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबा आणि नानांची नाव. म्हातारी माणसं म्हणाली, यापेक्षा मोठा पूर आता होणार न्हाई. मग 2019 आलं.

त्या साली ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घाटावर जो पाऊस लागला तो उघडायलाच तयार न्हवता. कोयना, वारणा भरलेली. पंचगंगेलाही पूर. सांगलीत पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमच्याकडं 6 तारखेला पाणी वेशीतनं आत आलं आणि 7 तारखेला शाळेच्या खिडकीला लागलं. लोक का थांबले, असं शहरातली माणसं विचारतात. जनावरं सोडून कसं जायाचं, हे त्याचं उत्तर. एका म्हशीवर एका घराचं मीठ-मिरची चालते. आणि 2005 ची खूण घराच्या भिंतीवर होती. त्या खुणेच्या वर पाणी येणार न्हाई असा सगळ्यांचा भरवसा.

नानांनी 6 तारखेलाच नाव सोडून वेशीत आणून बांधली. नावेला बाहेरच्या बाजूनं, काठापासनं वीतभर खाली, तांबड्या रंगाची एक रेघ मारलेली होती. ती आम्ही वर्षानुवर्षं पाहिली होती, पण कशासाठी ते कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी कळलं. पाणी रेघेला टेकलं की नाव भरली. मग माणसं आठ असोत की पाच. एक जाडजूड माणूस चढला की नाना रेघेकडं बघायचे आणि एखाद्या तरण्याला म्हणायचे, "उतर रं. पुढच्या खेपंला ये."

गावातल्या एका वजनदार माणसानं लोखंडी तिजोरी नावेत घालायला सांगितली. नाना म्हणाले, "आण्णा, तिजोरी ठिवा न्हाईतर तुमी बसा. दोगं न्हाई."

"पैसं देतो की."

"रेघ पैसं खात न्हाई."

आण्णा बसले. तिजोरी पाण्यात राहिली. पुढं वर्षभर त्यांनी नानांशी बोलणं टाकलं होतं.

8 ऑगस्टला गुरुवारी सकाळी ब्रह्मनाळची बातमी आली. ब्रह्मनाळ पलूस तालुक्यातलं, कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं गाव. आनंदमूर्ती स्वामींची समाधी तिथं आहे. पुरातनं माणसं बाहेर काढणारी बोट तिथं उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं तिच्यात बसली होती. 17 जीव गेले. त्यात बाया होत्या, लेकरं होती. आमच्या भागातल्या कित्येक घरांची नाती तिथं. बातमी फोनवरनं गावभर झाली आणि आमच्या वेशीत एकही माणूस नावेत पाय टाकायला धजेना. माळवदावर बसून राहू, पण नाव नको, असं बाया म्हणायला लागल्या.

नानांनी भाषण केलं न्हाई. रिकामी नाव माळवदाच्या कडेला लावली आणि म्हणाले, "वरनं रेघ दिसतीया का? दिसतीया न्हवं? मग एकेक जण या. रेघ बुडाली की मला सांगा, मी नाव हलवत न्हाई." म्हणजे राखण त्यांनी बसणाऱ्यांच्याच हाती दिली. त्यानंतर दोन दिवस लहान पोरंसुद्धा "रेघ! रेघ!" म्हणून वरनं ओरडत होती. 9 तारखेला जवान मोठ्या रबरी बोटी घेऊन आले, तोवर नानांनी आणि त्यांच्या पुतण्यानं निम्मी गल्ली चढावरच्या हायस्कुलात नेऊन सोडली होती. आमच्या गावात त्या पुरात माणूस गेला न्हाई. जनावरं गेली, घरं गेली, ऊस कुजला, पण माणूस गेला न्हाई.

पूर ओसरला तशी मदत आली. ट्रकच्या ट्रक. देणाऱ्यांची मनं मोठी होती, यात शंका न्हाई. पिण्याचं पाणी, तांदूळ, चादरी, औषधं, सगळं कामाला आलं. पण त्यातच फाटके कपडे, एका पायाचे बूट, बुरशी आलेल्या भाकऱ्या असं पण निघालं. ते कपडे पुढं गावाला जाळावे लागले. कुणी जुनं देतो तेव्हा ते आपल्या घरातली अडगळ काढायला देतो की समोरच्याची नड बघून देतो, हे वस्तूवरनं लगेच कळतं. दान नवं असलं म्हणजे ते बरोबरच असतं, असंही न्हाई. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देणगीच्या फायबरच्या बोटी इतक्या आल्या की काही गावांत आधीपेक्षा बोटीच जास्त झाल्या. समुद्रातले मासे काही त्यामुळं वाढले न्हाईत.

त्या दिवाळीत नानांची नाव बघायला भीमेकडचा एक गिऱ्हाईक आला. बावीस हजार रुपये देतो म्हणाला. नानांचे गुडघे गेले होते, डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं होतं. सगळ्यांना वाटलं, नाव गेली. चार दिवसांनी नाना देवळात आले आणि म्हणाले, "नाव गावाला देतो. पर कुणाच्या नावावर देऊ ते सांगा."

हा प्रश्न आम्हाला वाटला तेवढा सोपा निघाला न्हाई. ग्रामपंचायतीतले लोक बिचकले. जुनी नाव घेतली आणि उद्या काही झालं तर जबाबदार कोण? ब्रह्मनाळनंतर ही भीती खरी होती, त्यात त्यांना नावं ठेवण्यासारखं काही न्हाई. तालुक्याच्या ठिकाणच्या एका संस्थेला विचारलं. तिनं कळवलं की आम्ही नवीन बोटीसाठी देणगी देतो, वापरलेली बोट स्वीकारत न्हाई. तरुण मंडळ तयार होतं, पण मंडळाची नोंदणी नव्हती आणि दर दोन वर्षांनी त्यात फूट पडायची. शेवटी मारुतीच्या देवस्थानचा ट्रस्ट उरला. तो 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला. सेक्रेटरी म्हणाले, देवाच्या ट्रस्टला नाव कशाला? मग जुनी घटना काढून वाचली. उद्देशांच्या यादीत शेवटी 'इतर लोकोपयोगी कामे' असे तीन शब्द होते. पन्नास वर्षांत त्या शब्दांचा कुणी उपयोग केला नव्हता. त्या दिवशी केला.

माझा पुतण्या पुण्यात एका हिशेबनिसाच्या हाताखाली काम करतो. कुणीतरी म्हणालं, नानांना आयकरात सूट मिळंल का बघ. त्यानं फोनवर सांगितलं, 80जी ची सूट पैशात दिलेल्या देणगीला असते. धान्य, भांडी, गाडी, नाव अशी वस्तू दिली तर तिची किंमत कितीही होवो, सूट न्हाई. नाना हसले. म्हणाले, "आयकर भरायचं भाग्य चिलापीनं कवा दिलं न्हाई मला."

खरा अडसर नानांच्या घरात होता. वैनी देवळाच्या पायरीशी आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दान करायला आधी घरात असावं लागतंय. बावीस हजार काय ह्यांच्या एकट्याचं हाईत व्हय? त्या नावंसाठी माज्या दोन म्हशी गेल्या. गुडघ्याला पैसं गाव देणार हाय का?"

कुणी काही बोललं न्हाई. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. नावेच्या दानाचा हा भाग पुढं गावात कुणी सांगत न्हाई. सांगताना सगळे नानांचा मोठेपणा सांगतात. पण त्या नावेत वैनींची निम्मी पाती होती आणि त्यांच्या होकाराशिवाय ते दान पुरं झालं नसतं. गावानं वर्गणी काढून बावीस हजार द्यायचं ठरवलं तर नाना ऐकेनात. मग त्याला विक्री म्हणा, दान कशाला म्हणता, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस हे चाललं. वाट काढली ती वैनींनीच. म्हणाल्या, "नाव पावसाळ्यात गावाची. दिवाळी ते पाडवा जाळं आमचं. माझा पुतण्या मारंल, मी इकीन. हे कागदावर घाला, मग अंगठा घ्या." आणि गुडघ्याचं ऑपरेशन सरकारी योजनेतनं करून द्यायला माणूस नेमला. ती धावपळ गावानं केली.

कागद शंभराच्या स्टँपवर झाला. तो माझ्या हातानं लिहिलाय, म्हणून कलमं पाठ आहेत.

नाव विकायची न्हाई आणि भाड्यानं द्यायची न्हाई. मिरवणुकीला, गणपती बुडवायला, निवडणुकीला वापरायची न्हाई. दिवाळी ते पाडवा मासेमारीचा हक्क देणाऱ्याच्या घराचा. दरसाल मे महिन्यात नाव पालथी घालून बूड तपासायचं आणि रेघ नव्यानं मारायची. रेघ बुडाल्यावर नाव हलवायची न्हाई, मग आत कुणीही बसलेला असो. आणि शेवटचं कलम नानांनी स्वतः सांगितलं: बूड गेलं की नाव मोडायची. 'अजून चालतीया' म्हणून माणसं बसवायची न्हाईत.

हे शेवटचं कलम मला त्या वेळी अभद्र वाटलं होतं. दान देतानाच त्याच्या मरणाची गोष्ट कशाला? नाना म्हणाले, "जुनी वस्तू देतोय. जुन्याचा शेवट जवळ असतोय. त्यो सांगूनच द्याला पायजे."

ट्रस्टच्या जंगम मालमत्तेच्या वहीत देवाचा चांदीचा मुकुट, समया, घंटा, सतरंज्या यांच्या खाली नोंद पडली: 'जुनी मासेमारी नाव, लाकडी, पत्रा मारलेली, वल्ह्यांसह, नग एक.'

नोंद केली म्हणजे नाव तयार झाली असं न्हाई. सुतारानं बुडाचा पत्रा उचकटून बघितला. चाकूचं टोक फळीत सहज शिरलं की ती फळी कुजली. अशा चार फळ्या निघाल्या, त्या बदलल्या. सांध्यात काथ्या आणि राळ भरली, नवा पत्रा, मग डांबर. लाकडी नाव उन्हात वाळली की फटी पडतात, म्हणून आधी दोन दिवस काठाला पाण्यात बुडवून ठेवली. लाकूड फुगून सांधे बसले. मग आत माणसांऐवजी वाळूची पोती भरली आणि रेघेपर्यंत पाणी येईतो मोजली. पोती उतरवून पुन्हा मोजली. बारा जाकिटं घेतली, एक जास्तीचं वल्हं, शंभर फूट दोर, पाणी उपसायला दोन डबे. यासाठी बचत गटाच्या बायकांनी पहिले पाच हजार दिले. तिजोरीवाले आण्णा एक दिवस गुपचूप आले आणि सगळ्या जाकिटांचे पैसे देऊन गेले. पावतीवर नाव घालू नका म्हणाले. त्यानंतर ते नानांशी बोलायला लागले.

वल्हवायला आठ पोरं निवडली. नाना काठावर खुर्ची टाकून बसायचे. पाण्याच्या धारेत नाव आडवी घालायची न्हाई, विजेच्या तारेखालनं जायचं न्हाई, झाडाच्या फांदीला हात घालायचा न्हाई, उठून उभं राहणाऱ्याला आधी बसवायचं, हे त्यांनी शिव्या देऊन शिकवलं.

जुलै 2021 ला परत पूर आला. सांगलीला 54 फुटांच्या आसपास पाणी. या वेळी जनावरं आधीच चढावर हलवली होती, म्हणून माणसंही वेळेत निघाली. नावेला काम थोडं पडलं, पण पडलं ते खरं काम होतं. वस्तीवर अडकलेली दोन घरं काढली. डायलिसिसच्या एका माणसाला डांबरी सडकेपर्यंत पोचवलं. चार दिवस दूध, औषधं आणि मोबाईलच्या भरलेल्या बॅटऱ्या नेल्या. एका खेपेला नव्यानं शिकलेला पोरगा पुढाऱ्याला म्हणाला, "सायेब, रेघ बुडाली. एकानं उतरा." पुढाऱ्याबरोबर आलेला फोटोवाला उतरला.

2022 च्या थंडीत नाना गेले. वैनींनी त्या पाडव्यापर्यंत जाळं चालवलं, कागदाप्रमाणं. आजही बाजारात बसतात, मासे मात्र आता तळ्यातले विकत आणून विकतात.

2024 च्या मे महिन्यात नाव पालथी घातली. चाकू तीन जागी आत गेला, त्यातला एक सांगाड्याच्या मधल्या लाकडात. सुतार म्हणाला, फळी बदलता येती, कणा बदलायचा म्हणजे नवी नाव बांधायची. ट्रस्टच्या बैठकीत दोन तट पडले. नानांची आठवण हाय, डागडुजी करून अजून दोन पावसाळे निघतील, असं बरेच जण म्हणाले. त्यातले काही जण 2019 ला तिच्यातनंच बाहेर पडलेले. मी कपाटातला कागद काढून शेवटचं कलम मोठ्यानं वाचलं. तरीही वाद मिटेना. मग वैनींना बोलावून आणलं. त्या म्हणाल्या, "त्येंनी लिवून दिलंय न्हवं? मग मोडा. आठवण पाह्यजे तर फोटू लावा. फोटू बुडत न्हाई."

नाव मोडली. चांगल्या निघालेल्या फळ्यांची शाळेच्या पोरांसाठी दोन बाकडी केली. लोखंड विकून अठराशे रुपये आले, ते ट्रस्टमध्ये जमा झाले. वहीतल्या नोंदीवर तांबड्या शाईनं आडवी रेघ मारून सेक्रेटरींनी तारीख घातली आणि शेऱ्यात लिहिलं, 'दानपत्रातील कलमाप्रमाणे मोडली.' जुन्या गावच्या नावेची अशी कुठं नोंद न्हाई. हिची आहे.

आता फायबरची बोट घ्यायची आहे. भावाची चौकशी चालू आहे आणि वर्गणीची वही फिरती आहे. मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी चांगली रक्कम पाठवली. कोकणातल्या एकानं स्वतःची वापरलेली बोट देतो म्हणून निरोप धाडलाय. ती बघायला सुतार, वल्हवणारी दोन पोरं आणि मी असे चौघं पुढच्या आठवड्यात जाणार आहोत. बूड बघू, सांधे बघू, पाण्यात सोडून पोती भरून बघू. चांगली निघाली तर आणू, न्हाईतर चहा घेऊन माघारी येऊ आणि देणाऱ्याचे आभार मानू. यायची ती बोट नवी असो की जुनी, तांबड्या रंगाचा डबा मी आधीच घेऊन ठेवलाय.